दंडाचा नारळ

आमचे घरमालक भांडणाला तोंड फोडण्याआधी पाय चढवून घ्यायचे. डावा पाय मांडीपासून नव्हता. त्या जागी दवाखान्यातून मिळालेला नकली पाय होता आणि तो दाराआड कोपऱ्यात उभा असायचा. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आमटीत मीठ जास्त घातलं की मालक एक शब्द न बोलता कोपऱ्याकडे सरकायचे, पट्टे आवळायचे, उभे राहून पायावर वजन टाकून बघायचे आणि मग तोंड उघडायचे. तोवर काकी आमटीत पाणी ओतून दुसरी उकळी आणून मोकळ्या झालेल्या असत.

"जरा थांबायचं तरी," मालक हिरमुसून म्हणायचे. "एवढा पाय चढवला तो काय आमटी प्यायला?"

मी साताऱ्याकडची. पोलादपूरहून कुडपणकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक वाडी आहे, तिथल्या शाळेवर माझी नेमणूक झाली आणि राहायला यांची पुढची खोली मिळाली. पहिल्या दिवशी मी ट्रंक घेऊन ओटीवर चढले तर समोर चक्क ट्रकमधली ड्रायव्हरची सीट. महाडच्या भंगारवाल्याकडून आणून चार ओंडक्यांवर ठोकून बसवलेली. दमले होते, बसायला गेले, तर आतून आवाज आला, "ओ बाई! ती ड्रायव्हरची जागा हाय. तुम्ही क्लीनरच्या बाजूला बसा." क्लीनरची बाजू म्हणजे शेजारचं पोतं. पुढची सगळी वर्षं मी त्या पोत्यावर बसूनच चहा प्यायले.

मालक सबंध दिवस त्या सीटवर. गुरं गल्लीतून निघाली की हात बाहेर काढून त्यांना साइड द्यायचे. खालच्या रस्त्याला एसटी घाट चढू लागली की नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "नवीन ड्रायव्हर दिसतोय, गेर उशिरा टाकला." कुणी त्यांच्याकडे बघून "बिचारा" म्हटलं की मान वळवून मागे बघायचे आणि मोठ्या काळजीने विचारायचे, "कोन? कुठं हाय? पानीबिनी विचारा त्याला." बोलणारा पुन्हा तो शब्द काढत नसे.

नकली पायाला ते जावई म्हणत. "आज जावई रुसलाय" म्हणजे मांडीला सूज आहे. "जावयाला आणा" म्हणजे पाय द्या. "करकर करतो, तेल मागतो, चढावर हात टेकतो, आनि बोलायची सोय नाय. दुसरं काय म्हनू त्याला?" हे ते नेमके सासरी आलेल्या खऱ्या जावयांच्या देखत बोलत.

पाय कसा गेला हे मी कधी विचारलं नाही. त्यांनीच एकदा सांगितलं, तेही हवामानाची बातमी सांगावी तसं. पावसाळ्यात ट्रकमध्ये माल भरून कशेडी घाटातून येत होते. "दरड आनि मी एकाच वळणावर पोचलो. ती जड निघाली." एवढंच. त्यांना गाडीतून काढून महाडच्या दवाखान्यात पोचवलं ते त्यांच्या थोरल्या चुलतभावाने, अण्णांनी. अण्णा म्हणजे आमच्या वाडीच्या गावकीचे अध्यक्ष. धिप्पाड माणूस, आवाज असा की ओढ्यापलीकडून हाक मारली तरी शाळेतली मुलं पाढे थांबवायची. या दोघांबद्दलच मुख्य सांगायचं आहे, पण त्याआधी हट्टांबद्दल सांगायला हवं.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मालकांना सांगितलं होतं, आयुष्याला छोटी छोटी उद्दिष्टं ठेवा, एक झालं की दुसरं. सल्ला त्यांना पटला, शब्द पटला नाही. "उद्दिष्ट हा तालुक्याचा शब्द, बाई. झाडं लावायचं उद्दिष्ट, संडास बांधायचं उद्दिष्ट. पुरं झालेलं कुनी बघितलंय?" म्हणून त्यांनी त्याचं नाव हट्ट ठेवलं. एका वेळी एकच हट्ट. तो ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. आणि हट्ट असा हवा की जे बाकीची माणसं करतात आणि आपण काही करतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही.

पहिला हट्ट होता रागावून घरातून निघून जायचा.

"हसू नका," ते मला म्हणाले. "इचार करा. मी हिच्याशी भांडायचं, आनि निघून जायला कुबडी मागायची कुनाकडं? हिच्याकडंच. आनि ही ती पुसूनबिसून द्यायची, वर म्हनायची, सावकाश जावा. कसला राग टिकतोय?"

म्हणून मग सराव. पाय स्वतः चढवायचा, उंबरा स्वतः ओलांडायचा, पायऱ्या उतरायच्या, आणि हे सगळं राग थंड व्हायच्या आत. दुपारच्या वेळी कुणाशीही भांडण नसताना ते दाणदाण करत बाहेर पडायचे आणि पिंपळापर्यंत जाऊन परत यायचे. रस्त्यातली माणसं विचारायची, "काय झालं रे?" "कायपन नाय, प्रॅक्टिस." अखेर एक दिवस खरं भांडण झालं, काकींच्या माहेरच्या कुणावरून तरी, आणि मालक खरोखर निघून गेले. दार आपटलं. काकी चुलीपुढे बसून डोळ्याला पदर लावून रडत होत्या. मी धावत गेले, समजूत घालू लागले, तर म्हणतात, "अगो बाय, गेला! कुनाला काय न विचारता गेला!" आणि पुन्हा रडू. संध्याकाळी मालक परतले तेव्हा घावन तयार होते. त्यांनी ते रागातच खाल्ले, राग मोडू दिला नाही.

पुढचा हट्ट पंगतीचा. लग्नाकार्यात सगळे मांडी घालून जमिनीवर आणि मालकांना मात्र भिंतीकडेला खुर्ची-टेबल. "आभाळातनं जेवल्यासारखं वाटतं," म्हणायचे. "बाजूवाला काय बोलतो ते ऐकू येत नाय, आनि वाढनाऱ्याचं टक्कल तेवढं दिसतं." जमिनीवर बसणं आणि मुख्य म्हणजे कुणी न उचलता पुन्हा उठणं त्यांनी घरातल्या खांबाला धरून शिकून घेतलं. मग भावकीतल्या एका लग्नात पंगतीत येऊन पाय काढला, शेजारी आडवा ठेवला आणि वाढप्याला म्हणाले, "जावयाला पयलं वाढ, मानाचा हाय." पंगत अशी हसली की ठसका लागून दोघंतिघं उठले. काकी लाजून आत पळाल्या.

असे त्यांचे हट्ट. आता मी तुडीलला बदलून आले आहे, सावित्रीच्या काठाला. इथली माणसं चांगली आहेत, पण हट्ट करणारं कुणी नाही, त्यामुळे संध्याकाळी करमत नाही.

तर गावकी. वाडीतल्या सगळ्या घरांची मिळून गावकी, तिची बैठक देवळापुढच्या फरशीवर. वाडीची शेतं ओढ्यापलीकडे. सिमेंटचा पूल एका पुरात गेला, नवा कागदावर मंजूर होता आणि कागद अगदी कोरडा ठणठणीत होता. म्हणून दरवर्षी पावसाच्या तोंडावर लाकूड-बांबूचा साकव बांधायचा. घरटी एक माणूस. जो कारण न सांगता चुकेल त्याच्या घराला एक नारळ दंड, तो देवळात फोडायचा आणि खोबरं सगळ्यांनी खायचं. ज्याला दंड होई तो घरी पोचेपर्यंत मोठ्याने कुरकुर करी. ही रीतच होती. कुणी न कुरकुरता गेला असता तर लोकांना काळजी वाटली असती.

साकव झाला की बैठकीत हजेरी अण्णा घ्यायचे, तोंडपाठ. खालच्या घरापासून सुरुवात करून गल्ली चढत वर. "खालचं घर, आला. पिंपळाकडचं, आला. मधलं घर मुंबईला, भाचा आला. गिरनीवाला, गैरहजर, नारळ." असं करत करत मालकांच्या घरापाशी आले की अण्णांचा तो आवाज एकदम मऊ व्हायचा. "ह्या घराला माफी." आणि सगळी फरशी मान डोलवायची.

"त्या मऊ आवाजाचा मला ताप येतो, बाई," मालक मला म्हणाले. "मेलेल्या मानसाचं नाव असं घेतात."

"मग बोला ना गावकीत."

"बोललो की. म्हटलं मलाबी काम द्या. सगळे म्हनाले, तू बस रे, आमी हाय ना."

शेवटी ते बसले नाहीत. साकवाच्या दिवशी पाय चढवून ओढ्यावर गेले, एका दगडावर ठाण मांडलं आणि दोरी मागून घेतली. ट्रकवर ताडपत्री आवळण्यात ज्याची उमर गेली त्याला कठडा बांधणं काय अवघड? दिवसभर बांबू पुढ्यात येत गेले, मालक गाठी मारत गेले. संध्याकाळी तळहात सोलून घरी आले तेव्हा ओळखू येईना इतके खूश. त्या रात्री आमटीला नाव ठेवलं नाही.

पुढच्याच रविवारी मला पलीकडच्या घरी एका मुलीच्या आईला भेटायचं होतं. मालक म्हणाले, चला, माझ्या गाठी दाखवतो. साकवावर गेले, कठड्यावर हात ठेवला आणि थांबले. मग पुढच्या गाठीवर हात. मग त्याच्या पुढच्या.

"ह्या माझ्या नाय," ते म्हणाले. "माझ्या गाठीचं शेपूट आत जातं. हे बघा, सगळी भायेर."

एकही गाठ शिल्लक ठेवली नव्हती. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, त्यांनी ऐकलं नाही. तसेच वळले आणि जावयाला चढ झेपत नाही हे विसरून थेट अण्णांच्या अंगणात. मी मागून धापा टाकत.

"गाठी कोनी सोडल्या?"

अण्णा कोयतीला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "मी."

"वाईट होत्या?"

"नाय रे. चांगल्या होत्या."

"मग?"

"उद्या साकवावरनं कोन पडलं तर लोक म्हनतील, लंगड्यानं बांधला म्हनून पडला. मला ते ऐकवलं नसतं." अण्णांनी कोयती खाली ठेवली. "कशेडीतनं तुला मी आनलाय. म्हाड येईपर्यंत तुझा तो पाय माझ्या मांडीवर होता. तुला काम सांगायला माझी जीभ उचलत नाय रे. मी काय करू?"

एवढा मोठा माणूस, पण आवाज फाटला होता.

"पाय गेला, अण्णा," मालक म्हणाले. "मी हाय ना अजून?"

आणि निघून आले. कुबडी न मागता, मागे न बघता. पहिला हट्ट कामाला आला, असं त्या परिस्थितीतही माझ्या मनात येऊन गेलं.

दुसऱ्या वर्षी साकवाच्या दिवशी अण्णांनी स्वतः दोरीचं वेटोळं आणून मालकांच्या पुढ्यात टाकलं. गाठी कुणी सोडल्या नाहीत. त्या पावसाळ्यात ओढा कठड्याला लागला, एक बांबू वाकला, पण दोरी हलली नाही. तेव्हापासून दोरी मालकांची, हे आपोआप ठरून गेलं. वेटोळंसुद्धा त्यांच्याच ओटीवर, ड्रायव्हरच्या सीटखाली राहू लागलं.

मला वाटलं, झालं. पण त्या वर्षीच्या हजेरीला अण्णा मालकांच्या घरापाशी आले आणि म्हणाले, "ह्या घराला माफी, पन तरीबी मानूस आला!" आणि फरशीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आल्यावर मालक सरळ ओटीवर चढले. सीटवर बसले, पट्टे सैल केले, मला पोत्याकडे बोट दाखवलं.

"गिरनीवाला आला तवा टाळ्या वाजवल्या?"

"नाही."

"मग माझ्याच वक्ताला का? मी आलो तर टाळ्या, नाय आलो तर माफी. म्हंजे मी येतो का नाय, ह्यानं ह्या गावाचं कायच अडत नाय. मग मी गावात हाय का नाय, हे कळायचं कसं?"

उत्तर ते स्वतःच शोधून बसले होते.

"पुढचा हट्ट ठरला," ते म्हणाले. "मला दंड पायजे. हा कुनाला सांगायचा नाय, बाई. अण्णाला तर नायच. मागून मिळालेला दंड म्हंजे पुन्हा दयाच झाली."

वर्षभर मी ते पोटात ठेवलं. शिक्षकाला सगळं येतं, एवढंच येत नाही. पण ठेवलं. मला त्यात धास्तीही वाटत होती. दंड झाला तर ठीक. पण अण्णा पुन्हा तसेच मऊ आवाजात "माफी" म्हणाले तर? तर मग तो साकव, त्या गाठी, सगळं मोठ्यांनी लहान मुलाची काढलेली समजूत ठरणार होती, आणि त्यानंतर या माणसाने कसला हट्ट धरायचा?

साकवाचा दिवस आला. सकाळी खोलीचं दार उघडलं तर सीट रिकामी. मालक पहिल्या एसटीने महाडला गेले होते. दोरी सीटखाली होती तशीच. सगळी वाडी ओढ्यावर जमली, ओंडके पाण्यावर टाकून झाले, बांबू चिरून झाले, आणि सगळे दोरीवाल्याची वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने अण्णा आमच्या दारात.

"कुठं गेला हा?"

"म्हाडला," काकी म्हणाल्या.

"आज? कशाला?"

काकींनी पदर सारखा केला. "केस कापायला."

अण्णा त्या रिकाम्या सीटकडे बघतच राहिले. "केस?" ते म्हणाले. "हायत किती त्याला?"

मग ते जे ओरडले ते ओढ्यापलीकडे ऐकू गेलं असणार. दोरी उचलून तरातरा निघून गेले. दुसऱ्या कुणीतरी गाठी मारायला घेतल्या, त्या अण्णांना पसंत पडेनात. त्यातच वळवाची सर आली आणि काम अर्धं टाकून सगळे चिंब होऊन परतले. अण्णांनी संध्याकाळीच गावकी बोलावली.

मालक शेवटच्या एसटीने आले. मानेवर न्हाव्याची पावडर, हातात पिशवी. पिशवी काकींकडे दिली आणि तसेच फरशीवर येऊन बसले. मी बायकांच्या बाजूला होते. त्यांचा हात नकली गुडघ्यावर घट्ट होता.

अण्णांनी हजेरी सुरू केली. खालचं घर, पिंपळाकडचं, मधलं, गिरणीवाला. गल्ली चढत चढत ते आमच्या घरापाशी आले आणि थांबले. फरशीवरचे लोक सवयीने मान डोलवायच्या तयारीत होते. मी देवळाकडे बघत होते. देवाला आजवर मी पगार, बदली, असलंच काही मागत आले, पण त्या संध्याकाळी दुसऱ्याला दंड व्हावा म्हणून हात जोडले.

"ह्या घराचा मानूस गैरहजर," अण्णा म्हणाले. आवाज मऊ नव्हता. "कारन सांगितलं नाय. आख्खा गाव ओढ्यावर बसलाय आनि हा म्हाडला केस कापतोय! काम अडलं ह्याच्यापायी. दोन नारळ!"

माझा जीव भांड्यात पडला. मालकांकडे बघितलं तर ते उठून उभे राहिलेले.

"दोन कशापायी?"

"काम अडलं म्हनून!"

"गिरनीवाला चुकला तवा एक. मुंबईवाला चुकला तवा एक. मलाच दोन? एक म्हंजे एक. जो सगळ्यांना, तोच मला. जास्ती देनार नाय."

"चोरी करून वर तोंड करतोस?"

"करनार!"

दोघे आमनेसामने असे ओरडत होते की देवळावरचे पारवे उडून गेले. मालकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना फुरसत नव्हती. अखेर गिरणीवालाच म्हणाला, "अण्णा, रीत एकाची हाय. बराबर बोलतोय तो." बाकीचेही त्याला दुजोरा देऊ लागले. या वेळी टाळी कुणी वाजवली नाही. सगळ्यांना घरी जाऊन कोरडे कपडे घालायचे होते.

"बरं, एक," अण्णा म्हणाले. "आनि उद्या उजाडता ओढ्यावर ये. ती दोरी तुझ्याबिगर कुनाला जमत नाय."

"येतो की. ओरडतोस कशाला?"

अण्णांनी पुढचं घर घेतलं.

बैठक सुटली. मालक पुढे, आम्ही दोघी मागे. त्यांची कुरकुर फरशी उतरायच्या आतच सुरू झाली होती आणि प्रत्येक दारापुढे ती थोडी वाढत होती. काकी पदराने डोळे टिपत माझ्या कानाशी म्हणाल्या, "मी नारळ सांगितला नव्हता, बाई. म्हाडवरनं पिशवीत येताना कसा काय आला?"

त्या सगळं समजून हसत होत्या.

वर, गल्लीच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मालक ओरडत चालले होते, जावई करकरत होता आणि घराघरांतली माणसं दारात येऊन बघत होती.

"एक दिस चुकला मानूस, तर लगेच नारळ! दया नाय, माया नाय ह्या गावाला!"